परेड होईपर्यंत

देवळाली कॅम्प
१६ नोव्हेंबर २०२५

प्रिय रोहिणी,

रविवारी संध्याकाळी वसतिगृहाच्या मागच्या पायरीवर बसून आपण बूट पॉलिश करायचो, आठवतं का? मी एक बूट करून कडुलिंबाकडे बघत बसायची, आणि सिस्टर यायच्या आत दुसरा तूच करून टाकायचीस. नववीत होतो आपण. ही माझी भावजय होणार असं तेव्हा कुणी सांगितलं असतं, तर दोघी हसून पायरीवरून खाली पडलो असतो.

आज लष्कराच्या प्रशिक्षण केंद्रात तुझ्या लेकाला भेटून आले आणि त्याचे बूट बघून हे सगळं आठवलं. बुटात तोंड दिसतं गं. मी म्हटलं, "रुद्र, हा गुण आईचा." तर म्हणतो, "नाही आत्या, हा गुण कवायतीच्या उस्तादांचा. चमकले नाहीत की मैदानाला फेऱ्या." रंग पार रापलाय. गाल आत गेलेत, पण पाठ अशी ताठ की मला उगीच माझीही सरळ करावीशी वाटली. घरी चार हाका मारल्याशिवाय न उठणारा हाच तो, यावर माझा विश्वास बसेना.

परेड शनिवारी, एकोणतीस तारखेला आहे. सकाळी लवकर. घरच्या दोघांना पास मिळतात. शपथ झाली की आईवडिलांना मैदानावर बोलावून त्यांच्या छातीवर पदक लावतात. तिसरा पास मिळतो का ते बघते, कारण "भावाची परेड बघायला मी जाणार, आईबाबांनी घरी टीव्ही बघावा" असं हर्षालीने मला आधीच कळवून ठेवलंय. संतोषला सांग, फोटो काढताना डोळे मिटू नकोस. लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा झोपल्यासारखा दिसतो.

तुम्ही सगळे शुक्रवारीच या. आईलाही आणा. माझ्या दोन खोल्यांत मावू कसेतरी.

फोन का करत नाही म्हणून रागावू नकोस. कानाच्या यंत्राजवळ फोन नेला की ते शिट्टी मारतं, आणि मग मी नुसती "हो, हो" म्हणत राहते. मागच्या खेपेस अशीच मी हर्षालीला मांजर पाळायला परवानगी देऊन बसले. त्यापेक्षा तुमचा शेजारी सावळीराम बरा. रोज मनमाडहून कॅम्पातल्या दुकानात अप-डाउन करतोच, तर चिठ्ठीही नेईल.

तुझी,
योगिनी


मनमाड
२५ नोव्हेंबर २०२५

प्रिय योगिनी,

काल तू गेलीस. घर अजून माणसांनी भरलेलं आहे, पण तू होतीस तोवर निदान एका माणसाला काही सांगावं लागत नव्हतं. आता जो येतो त्याला पहिल्यापासून सांगायचं. शनिवारी सकाळी आंघोळीचं पाणी काढतो म्हणाला तुझा भाऊ, आणि मोरीच्या दारात खाली बसला. पुढे सांगण्यासारखं काही नाहीच. तरी लोक विचारतात, मग? मग काय झालं?

तू रविवारी म्हणालीस तेच माझ्या मनात होतं. केंद्रात कळवावं, ते पोराला सोडतील, त्याच्या बापाचं तोंड नाही तर निदान राख तरी बघू दे. पण तू ऐकलंसच. कॉलनीतल्या, फौजेतून निवृत्त झालेल्या एका हवालदारांनी सांगितलं, की शेवटच्या आठवड्यात घरी आला तर परेड बुडेल, मग पुढच्या तुकडीत टाकतील, कित्येक महिने मागे पडेल. खरंखोटं कुणाला ठाऊक. त्यावर आई ओट्यावरून म्हणाल्या, "माझं लेकरू गेलं ते गेलं. त्याचं लेकरू उभं ऱ्हातंय, त्याला पाडू नका." ज्या बाईने मुलगा गमावला ती असं म्हणते म्हटल्यावर मी काय बोलणार होते? तूही मग केंद्राचा विषय काढला नाहीस.

त्याच दुपारी रुद्रचा फोन आला तेव्हा तू आत आईंजवळ होतीस. त्यांना रविवारीच फोन देतात ना. हर्षाली फोन घेऊन पाण्याच्या टाकीमागे गेली, घरातली रडारड ऐकू जाऊ नये म्हणून. आदल्याच दिवशी तिने बापाला अग्नी दिलेला. मी तिच्यामागे उभी होते. म्हणाली, "अरे, बाबांचा घसा पार बसलाय. डॉक्टरांनी बोलायचं नाही म्हणून सांगितलंय." तो काहीतरी म्हणाला. ही म्हणाली, "हो, गुळण्या करायला सांगते." फोन बंद करून ती टाकीला पाठ लावून खाली बसली आणि बराच वेळ उठली नाही.

तर ठरलंय ते असं. आम्ही तिघी शुक्रवारी येतो. शनिवारी परेड. रविवारी सकाळी रामकुंडावर जाऊ. अस्थी बरोबरच आणतोय, कारण दोनदा नाशिकला येणं आईंना झेपणार नाही. घरात न्यायच्या नसतात, तेव्हा तुझ्याकडच्या पेरूच्या झाडाला बांधाव्या लागतील. पुढच्या नको, मागच्या. रुद्र दुपारी जेवायला येईल ना तुझ्याकडे.

आणि एक काम आहे. इथे कुणाला सांगता येत नाही. रुद्रसमोर मला कुंकू लावून, गळ्यात घालून जावं लागेल. आईंनीच सांगितलं. शनिवारी माझं कुंकू पुसायला लावणाऱ्याही त्याच. मंगळसूत्र तेव्हाच तोडलं. कॅम्पच्या बाजारातून एखादं साधं आणून ठेवशील का? एका दिवसापुरतं.

रोहिणी


देवळाली कॅम्प
२७ नोव्हेंबर २०२५

प्रिय रोहिणी,

आणलं. आयुष्यात पहिल्यांदा मंगळसूत्र विकत घेतलं, तेही या वयात. दुकानदार म्हणाला, "मॅडम, कुणासाठी?" म्हटलं, भावजयीसाठी. "मग जरा भारीतलं बघा की, भाऊ काय म्हणतील?" मी म्हटलं, "भाऊ काही म्हणणार नाही." त्याने ते कागदात बांधून दिलं. घरी आल्यावर कुठे ठेवावं ते कळेना. देवापाशी ठेववेना, कपाटात ठेववेना. शेवटी शिवणाच्या डब्यात ठेवलंय.

काल पास आणायला गेटवर गेले होते. संतोषच्या नावाचा पास हर्षालीच्या नावावर करून घेतला. कारण काय म्हणून विचारलं, तेव्हा "प्रकृती" म्हटलं. तिथल्या जवानाने रुद्रला दहा मिनिटं बोलावून दिलं. सरावातून तसाच धावत आला होता, घामाने निथळत. मला बघून आधी हसला, मग त्याचा चेहरा जरा बदलला.

"आत्या, तुझे डोळे का सुजलेत?"

"मोतीबिंदू रे."

"बाबांचा घसा कसा आहे?"

"बरा आहे, पण प्रवास नको म्हणालेत डॉक्टर."

"मनमाड ते नाशिक? हा प्रवास आहे होय? बाबा बेसनाचे लाडू घ्यायलासुद्धा नाशिकला येतात."

मी कानाला हात लावला आणि म्हटलं, "हे मेलं यंत्र शिट्टी मारतंय, काही ऐकू येत नाही बघ." माझ्या बहिरेपणाचा एवढा उपयोग मला कधी झाला नव्हता. त्याने मोठ्याने पुन्हा विचारलं. मी पुन्हा कानाला हात लावला. मग त्याने विचारणं सोडून दिलं आणि माझी पिशवी रिक्षापर्यंत आणून दिली.

रोहिणी, अजून सांगायचं का गं? मी आयुष्यभर मुलांना शिकवलं, की खरं बोला, पुढचं पुढे बघता येतं. आता खरं बोलायची वेळ माझ्यावर आली, तर मी यंत्राच्या आड लपले. पण आईविरुद्ध जायचं बळ माझ्यात नाही. तुझ्यातही नाही, हे मला माहीत आहे. आणि समजा सांगितलं आणि तो खरोखरच मागे पडला, तर? मग तेही आपल्यावरच. दोन्हीकडून हात बांधलेत आपले.

आईने सावळीरामबरोबर निरोप पाठवला, "पोराला गोड घाल." सुतकात गोड. मी शिरा करायचं ठरवलंय. त्याच्यासमोर आपल्यालाही खावा लागेल, एवढं मनाशी धरून ये.

योगिनी


मनमाड
१ डिसेंबर २०२५

प्रिय योगिनी,

झालं सगळं. आज दहावंही झालं. आता शांतपणे लिहायला बसले आहे, म्हणजे हात तेवढे शांत आहेत.

शनिवारी तुझ्या मोरीतल्या त्या लहान आरशात कुंकू लावताना ते जागेवर बसेना, तीनदा पुसलं. शेवटी आईंनीच लावलं. बोटाने, अंधुक डोळ्यांनी, अगदी मधोमध. माझ्या गळ्यातलं तुझं मंगळसूत्र सरळ केलं आणि म्हणाल्या, "जा."

मैदानावर इतकी मुलं होती, सगळी एकसारखी. मला रुद्र सापडेना. हर्षाली म्हणाली, "आई, डाव्या रांगेत चौथा. कान बघ, बाबांचे कान." मग दिसला. बँड वाजायला लागला आणि एवढी मुलं एका पायाने चालायला लागली, तेव्हा माझ्या शेजारची बाई ढसाढसा रडायला लागली. मला तिचं फार बरं वाटलं. तिथे रडायला परवानगी होती. मी पण रडून घेतलं. कुणी कारण विचारलं नाही.

शपथेनंतर आम्हाला खाली बोलावलं. माझ्या पदराला पदक लावलं. दुसरं त्याने हातात घेतलं, बापाचं. माझ्या कपाळाकडे बघितलं, गळ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "बाबांना यायचं होतं रे फार." तो म्हणाला, "बरं." एवढंच. लष्करात मुलं कमी बोलायला शिकतात वाटतं.

जेवताना तर तू होतीसच. हर्षालीचा फोन सारखा वाजत होता, सांत्वनाला, म्हणून तिने तो पिठाच्या डब्यात नेऊन टाकला. तो आतून गुरगुरायला लागल्यावर रुद्र म्हणतो कसा, "ताई, तुझं पीठ वाजतंय." ती म्हणाली, "तुझ्या नारळासारख्या डोक्यापेक्षा बरं." "हे डोकं आता सरकारी आहे, नीट बोल." आणि आपण सगळ्या हसलो. योगिनी, आपण हसलो गं. आईसुद्धा. पेरूच्या झाडाला तो बांधलेला होता आणि आत आपण शिरा खात हसत होतो. त्याने तीनदा शिरा घेतला. आजीच्या हाताने एक घास घेतला, माझ्या हाताने एक.

त्याला काही कळलं नाही. हीच एक गोष्ट मला आत धरून ठेवते आहे. निघताना मागच्या दारी बूट घालायला गेला, तर किती वेळ लावला. मी हाक मारणार होते, पण तू मला खुणेने थांबवलंस. म्हटलं, असू दे, नवे बूट, नाड्या लांब असतील.

रविवारी रामकुंडावर किती गर्दी होती. गुरुजी घाईत होते. हर्षालीने पोटली सोडली, आणि मला वाटलं तसं काहीच झालं नाही. पाणी होतं तसंच वाहत राहिलं. आईंनी दोन्ही हातांनी माझा दंड धरून ठेवला होता. मला आधार द्यायला की स्वतःला, माहीत नाही.

आता रुद्रला दहा तारखेपासून रजा आहे. तो दारात येईल, बाबा म्हणून हाक मारेल. मी रोज एक वाक्य तयार करते. सकाळी केलेलं संध्याकाळी खोटं वाटतं. काय सांगू त्याला? तू बापाच्या मरणानंतर आठव्या दिवशी शिरा खाल्लास, तो आम्ही तुला वाढला, असं सांगू? तो मला कधी माफ करेल का?

गुरुवारी तेरावं. आई म्हणतात, त्याच्या वस्तू घरात ठेवू नका, ज्याला द्यायच्या त्याला देऊन टाका. मी कपाट उघडते आणि बंद करते. तुझा सख्खा भाऊ तो, तूच सांग काय कुणाला द्यायचं. मला काही म्हणजे काही सुचत नाही.

रोहिणी


देवळाली कॅम्प
३ डिसेंबर २०२५

प्रिय रोहिणी,

तुझं पत्र काल सकाळी मिळालं, आणि काल संध्याकाळी रुद्र दोन तासांची सुट्टी घेऊन माझ्याकडे आला. म्हणून हे लिहिते आहे. सावळीराम आज दुकान बंद झाल्यावर घेऊन जाईल, म्हणजे उद्याच्या आत तुझ्या हातात पडेल. बसून वाच. हर्षालीला जवळ घे.

त्याला कळलं होतं.

शनिवारी जेवणाआधी तो मागे हात धुवायला गेला. मी पाण्याचा तांब्या घेऊन त्याच्यामागून गेले. मी पोटलीवर माझी जुनी ओढणी टाकली होती, वाळत घातल्यासारखी. वाऱ्याने ती सरकली होती. तो झाडासमोर उभा होता. माझ्याकडे न बघता त्याने विचारलं, "आत्या, बाबा ना?" मी कानाला हात लावणार होते. तो म्हणाला, "नको. ऐकू आलंय तुला."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? कधी म्हणून विचारलं, ते सांगितलं. कुणी अग्नी दिला विचारलं, तेही सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी रामकुंडावर जाणार आहोत हेही. त्याने तांब्या घेतला, हात धुतले, तोंड धुतलं, पुन्हा धुतलं. म्हणाला, रविवारीच शंका आली होती. घसा बसला असता तर बाबांनी फोन घेऊन नुसतं खाकरून दाखवलं असतं. आणि आईचं कुंकू कधी मधोमध नसतं, जरा डावीकडे असतं, म्हणाला. मैदानावरच लक्षात आलं, की हे तिने लावलेलं नाही.

मी म्हटलं, चल, आत जाऊन आईला सांगू. तो म्हणाला, "आत्या, तिने माझ्यासाठी हे सगळं अंगावर घातलंय. जेवण तरी होऊ दे तिच्या मनासारखं." मग आत आला, पाटावर बसला, आणि तीनदा शिरा मागून घेतला. ताईला चिडवलं. तू हसलीस तेव्हा तुझ्याकडे बघत होता. मी समोर बसून हे सगळं बघत होते आणि माझ्या हातात काही नव्हतं. त्याला थोपवता येत नव्हतं, तुला सांगता येत नव्हतं. निघताना मागे बूट घालायला गेला तेव्हा नाड्या कधीच बांधून झाल्या होत्या. तो झाडाजवळ उभा होता. म्हणून मी तुला थांबवलं.

रविवारी रामकुंडावर येता येईल का म्हणून त्याने त्या रात्री वरिष्ठांना विचारलं. सगळं खरं सांगितलं. ते म्हणाले, आठ दिवसांपूर्वी का नाही सांगितलं घरच्यांनी, तेव्हाच सोडलं असतं, परेडचंही बघितलं असतं. पण रविवारी सगळी तुकडी सामान जमा करण्यात गुंतलेली, सकाळपर्यंत कागद झाले नाहीत. हे तुला सांगू नये असं मला वाटत होतं. पण आता लपवून लपवून माझ्यात काही उरलं नाही. आईला सांगू नकोस. ती तिच्या परीने त्याला उभाच करत होती.

तुझं पत्र मी त्याला वाचायला दिलं. विचारलं नाही तुला. वाक्य तयार करते आहेस ते वाचून त्याने पत्राची नीट घडी घातली. मग म्हणाला, "आईला आता सांगून टाक मला कळलंय म्हणून. तिला सांगावं लागू नये. माफीबिफी काही नाही म्हणावं. मी पण खोटंच बोललो की तिच्याशी, शिरा खाऊन."

मग वस्तूंचं. मी म्हटलं, मला सांगता येत नाही, तू मुलगा आहेस, तू सांग. त्याने सांगितलं तसं लिहिते, माझा एकही शब्द नाही.

तेराव्याला छत्री आणि वहाणा दान द्यायच्या असतात, त्या नव्या आणा. बाबांच्या देऊ नका.

सायकल सावळीरामकाकांना. स्टेशनपर्यंत रोज चालत जातात.

वर्कशॉपची हत्यारांची पेटी अब्बासचाचांना. दोघांनी एकाच बाकापाशी उभं राहून काम केलंय. किल्ली कुठे आहे माहीत नाही, ते फोडतील कुलूप.

मनगटी घड्याळ ताईला. पुरुषी आहे म्हणून तिने ते पेटीत ठेवू नये, हातात घालावं. जे करायचं ते तिनेच केलं.

बाबांचं पदक आजीला. तिचाच मुलगा, तिच्याकडेच राहू दे.

गरम कोट आत्याला, म्हणजे मला. मी नको म्हटलं, तर म्हणाला, देवळालीची थंडी तुला बाधते. तो पाठव.

तुला काय, म्हणून मी दोनदा विचारलं. म्हणाला, ते मी आईला घरी आल्यावर विचारीन. तिला काय हवंय हे कुणी ठरवायचं नाही.

आणि चष्मा कुणाला देऊ नका. त्याचा नंबर कुणालाच लागणार नाही. टेबलावर असेल तर टेबलावरच राहू द्या, फक्त काचा पुसून ठेवा.

तुझी,
योगिनी